बिनवासाचे घर

पूर्वेकडचा वारा सुटला की मळीचा वास येई. आंबूस, गोडसर, किंचित करपलेला. ओल्या गोणपाटात गूळ बांधून तो विसरून जावा तसा. उसाच्या मळ्यांवरून आणि नव्या बांधकामांच्या सिमेंटवरून वाहत तो मांजरीतल्या आमच्या घरापर्यंत पोहोचे तेव्हा दुपार कललेली असे. खालच्या ओसरीवर बसलेले साहेब वर्तमानपत्र बाजूला ठेवीत, डोळे मिटून मान जराशी वर करीत आणि मग वरच्या मजल्याच्या दिशेने त्यांचा आवाज येई, "बाई, आज त्यांचं आंबवण बिघडलंय. कोणीतरी घाई केलीय."

दूरच्या डिस्टिलरीतल्या हौदात काय चालले आहे, हे ते आपल्या ओसरीवरून सांगत. मला तो वास रोज सारखाच वाटे. पण सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही निःशंक भाव असे की गवयाने सूर उतरल्याचे सांगावे आणि आपण मान डोलवावी, तशी मी गच्चीतून मान डोलवीत असे.

ते माझे घरमालक. त्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. मी वरच्या खोलीत राहायला गेले त्याच्या थोडेच आधी निवृत्त झाले होते. सारी गल्ली त्यांना साहेब म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मांजरी तेव्हा पुण्यात पुरती मिसळली नव्हती. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला इमारतींचे सांगाडे आणि मधून धुळीचा रस्ता. मी शहरातल्या एका महाविद्यालयात कविता शिकवीत असे. खोली पाहायला गेले त्या दिवशी साहेबांनी भाडे, अनामत, पाणी यांतले काहीच काढले नाही. त्यांनी विचारले, "केसांना तेल कुठलं लावता?"

मी गोंधळले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी बसा तरी म्हणा."

"बसतील. पण तेल विचारून घेतलेलं बरं."

त्या घराचा एकच नियम होता: घराला वास असता कामा नये. उदबत्ती नाही, सुगंधी साबण नाही, कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत. बुद्धाच्या मूर्तीपुढे पांढरी फुले असत, पण तीही बिनवासाची. अनंत किंवा मोगरा नव्हे, तर तगर. "नाक हे माझं अवजार आहे," ते म्हणत. "सुतार आपला रंधा दगडावर घासतो का?" निवृत्तीनंतर अवजाराचा उपयोग काय, असे काकूंनी विचारले तर ते म्हणत, "निवृत्त मी झालोय. नाक नाही."

मंडईतून परतताना मला गजरा घेतल्याशिवाय राहवत नसे. फाटक उघडण्याआधीच ओसरीवरून घोषणा होई, "बाई, मोगरा आणलात. काल तोडलेला आहे, तुम्हाला ताजा म्हणून दिलाय. आता तो जिन्याच्या पलीकडच्या कठड्यानं वर न्या, माझ्या नाकावरून नको." आणि मी, मराठी काव्यातल्या सगळ्या सुगंधांवर अधिकाराने बोलणारी बाई, ओंजळीत गजरा झाकून चोरासारखी कठड्याकडेने वर जात असे.

माझ्या कविताही त्यांनी याच अवजाराने तपासल्या. मासिकात छापून आलेली एक मी भीत भीत त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, कागद अगदी नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "दर्जा चांगला आहे. पण कडक आहे. पाणी घाला." त्यानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक कवितेतून दोन-तीन विशेषणे गेली आहेत, ती त्यांच्या खात्यावर.

आयुष्यभर दारूचा वास घेऊन ती पास-नापास करणारा हा माणूस एक थेंबही पीत नव्हता. मला वाटले, जन्मापासूनच नसेल. खरी गोष्ट काकूंनी सांगितली. एका सकाळी भाजी निवडत असताना, मी काही विचारलेले नसताना, अगदी सहज.

साहेब लहान होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली. घरात रोज सकाळी वंदना आणि पंचशील म्हणायची रीत तेव्हापासूनची. लग्न झाले, डिस्टिलरीत नोकरी लागली आणि साहेब पिऊ लागले. आधी चाखण्यापुरते, मग संध्याकाळी, मग संध्याकाळ लवकर होऊ लागली. "पण सकाळची वंदना चुकली नाही हो कधी," काकू म्हणाल्या. "रात्री कितीही झालेली असो, सकाळी आंघोळ करून उभे राहायचे. आणि पंचशील म्हणताना चारच म्हणायचे. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. पाचवं मद्याचं. तिथं आले की गप्प. हात जोडलेले, ओठ मिटलेले. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. पाचव्याच्या जागी नुसती शांतता."

"तुम्ही काही म्हणायचा नाहीत?"

"काय म्हणणार? म्हटलं असतं तर त्यांनी पाचवंही म्हणून टाकलं असतं, खोटंच. निदान बुद्धाशी तरी खोटं बोलत नव्हते. माझ्याशी बोलायचे ते निराळं." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "हात उचलायचे. आता बघता ना कसे आहेत? तेव्हा संध्याकाळी फाटक वाजलं की मी मुलीला घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची."

मुलगी आता नाशिकला तिच्या संसारात होती. धाकटा मुलगा मागाहून, बऱ्याच वर्षांनी झालेला.

"मग सोडली कशी?"

"ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. एक दिवस सकाळी मी भाकरी थापत होते, आणि आतून पाचवं शील ऐकू आलं. मोठ्यानं. भाकरी तव्यावर टाकायची राहूनच गेली." एवढे सांगून त्या उठल्या आणि मेथी धुवायला गेल्या. शब्दांवर पोट भरणाऱ्या मला, न म्हटलेल्या एका ओळीत एवढी सचोटी मावू शकते, हे माहीत नव्हते.

साहेबांच्या फाटकावर एक पाटी होती. सुवाच्य अक्षरात लिहिलेली: 'दारू सोडण्यासाठी फक्त साठीपुढील व्यक्तींनी यावे. इतरांना अजून वेळ आहे.'

ती थट्टा नव्हती. दर रविवारी सकाळी ओसरीवर म्हातारे जमत. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, निवृत्त कारकून, एक माजी मुख्याध्यापक, एकदा तर एक कीर्तनकारही. साहेबांचे म्हणणे होते की तरुण दारुड्याची सगळ्यांनाच काळजी असते. म्हाताऱ्याची कुणाला नसते. "मुलं म्हणतात, आता राहिलंय काय, पिऊ द्या. डॉक्टर विचारतच नाहीत. म्हातारा पडला की म्हणतात तोल गेला, विसरला की म्हणतात वय झालं. बाटलीचं नाव कुणी काढत नाही. म्हाताऱ्या माणसाला दारुडासुद्धा समजत नाहीत हो, एवढा अपमान!"

ती वर्षेही तशीच होती. शेतांची एकेका मोसमात गृहसंकुले होत होती, काचेच्या इमारती उठत होत्या. ज्यांनी जन्मभर पहाटे उठून मोट आणि मोटर पाहिली, त्यांच्या दारात गाड्या आल्या आणि पहाटे उठायचे कारण गेले. अशांपैकी एक आप्पा. उंच, लाल फेट्याचे, हातांना कंप. त्यांचा मुलगा त्यांना नव्या मोटारीतून घेऊन आला आणि ओसरीवर उभा राहूनच म्हणाला, "साहेब, काय ते एकदाच सांगा ह्यांना. आजपासून बंद. मी खोलीत कोंडूनच घालतो."

"मरतील," साहेब शांतपणे म्हणाले.

"आँ?"

"इतकी वर्षं रोज पिणाऱ्या म्हाताऱ्या शरीराची एका दिवसात बंद केली तर झटके येतात. भ्रम होतो. माणूस जातो. आप्पा, आज घरी जाऊन नेहमीसारखी घ्या. उद्या सकाळी आपण शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. आधी त्या, मग मी."

मुलगा चक्रावला. "म्हंजे तुमी दारू सोडवायला बसलाय की पाजायला?"

"तुम्ही बसा गाडीत. वडिलांशी बोलतोय."

आप्पांनी पाणी मागितले. काकू आत गेल्या, मी मदतीला गेले. तांब्या भरताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या आजोबांच्या दारात माझ्या सासऱ्यांना पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत ओतलेलं." साहेब मागे येऊन उभे होते, ते आम्हाला कळले नव्हते. त्यांनी तांब्या काकूंच्या हातून घेतला. "म्हणूनच आपण दोन्ही हातांनी द्यायचा," ते म्हणाले, आणि तसाच दिला.

डॉक्टरीणबाई म्हणजे म्हाताऱ्यांच्या मनाचे आजार पाहणाऱ्या एक मानसोपचारतज्ज्ञ. साहेबांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि म्हणूनच त्यांच्याशी वादही. आप्पांचे विसरणे दारूचे की वयाचे, हे पाहण्यासाठी त्यांनी स्मरणाच्या चाचणीला सुरुवात केली. "आप्पा, आज वार कोणता? बरं. आपले पंतप्रधान कोण?" दिल्लीत तेव्हा सरकारे भराभर येत-जात होती. साहेब खुर्चीतून पुढे झुकले. "डॉक्टरीणबाई, दुसरं काही विचारा. हा प्रश्न सध्या दिल्लीलाही जड जातोय."

बाई हसल्या, पण चाचणी पुरी केली. दारू उतरल्यावर आप्पांची स्मृती बरीचशी परतली. आजार वयाचा नव्हता. गोळ्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शने, काही दिवस दवाखान्यात, आणि मग साहेबांचे काम सुरू झाले.

ते उपदेश करीत नसत. किती पिता, हेही विचारीत नसत. त्यांचा प्रश्न एकच: "तहान कधी लागते?" ते म्हणत, "माणूस बाटलीनं पीत नाही, घड्याळानं पितो. ती वेळ मला द्या, मी दुसरं काही मागत नाही." मुख्याध्यापकांची वेळ सकाळी अकराची होती, शाळेची घंटा व्हायची ती. त्यांना साहेबांनी त्या वेळी आपल्या मुलाच्या जुन्या सायकलीवर गल्लीतल्या बायकांना सायकल शिकवायला लावले. आप्पांची वेळ होती सूर्य कलतानाची. साहेबांनी त्यांना सांगितले, "मला तुमचं शेत दाखवा."

"शेत कुटं हाय आता? तिथं कंपनी झालीय."

"जागा तर आहे ना जागेवर? ती दाखवा."

मग रोज संध्याकाळी हे दोघे त्या काचेच्या इमारतीच्या कुंपणाभोवती फिरू लागले. एकदा मीही गेले. गळ्यात ओळखपत्रे लटकवलेली तरुण मुले-मुली बसच्या रांगेत उभी होती. आतल्या हिरवळीवर फवारे सुरू झाले होते आणि ओल्या मातीचा वास त्या काचांना शोभेनासा होऊन बाहेर येत होता. आप्पा वाहनतळाकडे बोट करून सांगत होते, "हितं हिर व्हती. त्या लाल गाडीच्या बुडाशी. पाणी असं गोड, सायेब, की गुळाला लाजवंल. आन् ती पोरगी उभी हाय ना पिशवी घिऊन, तिथं आमचं खळं." पहारेकऱ्याने हटकले, "काका, इथं थांबायचं नाही." साहेब म्हणाले, "थांबत नाही. पेरणी बघतोय." पहारेकरी त्यांच्या तोंडाचा वास घेण्यासाठी नकळत पुढे झुकला. साहेबांनी मोठ्या आनंदाने श्वास सोडून दाखवला.

आप्पांची सुटली. दोनदा परतली, दोनदा पुन्हा सुटली. साहेब परतणाऱ्यावर कधी रागावले नाहीत. "चारच शीलं म्हणा आज," एवढेच म्हणत. त्याचा अर्थ त्या ओसरीवर फक्त काकूंना आणि मला ठाऊक होता.

पुढे मी वारज्याला स्वतःच्या घरात गेले. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्डाणपूल उभे राहिले, मांजरीतला ऊस आणखी मागे सरकला, साहेबांचा मुलगा आयटीत लागला, त्याचे लग्न झाले. मी जमेल तशी जात राहिले. आता फाटकाशी गजरा झाकायची इतकी सवय झाली होती की एका दुपारी तो झाकूनच आत शिरले आणि थबकले. घरभर करपल्याचा वास होता. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाशी काळे झाले असावे, असा दाट, घशाला लागणारा. काकू मागे कपडे वाळत घालत होत्या. आणि साहेब स्वयंपाकघराच्या दारापाशीच खुर्ची टाकून निवांत वर्तमानपत्र वाचत होते.

"साहेब, दूध!"

"कुठे?" त्यांनी वर पाहिले. "मला काही येत नाही."

गॅस बंद करून मी वळले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिले. माझ्या ओंजळीतल्या मोगऱ्याबद्दलही ते काही बोलले नव्हते.

वास जाणे ही पुष्कळदा पहिली खूण असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग नावे गेली, मग रस्ते. ती चाचणी आता त्यांनाच द्यावी लागली. पंतप्रधान कोण, असे बाईंनी विचारलेच नाही, त्यांनी गोळ्यांच्या डब्याकडे पाहत विचारले, "साहेब, आज जेवलात का?" आणि साहेब अतिशय नम्रपणे म्हणाले, "आपण सांगाल तसं."

हा स्मृतिभ्रंश होता. गोळ्यांनी थोडा लांबणार होता, थांबणार नव्हता. सगळ्यांनी हे मानले, अगदी काकूंनीसुद्धा. पातेली करपतील, रस्ते चुकतील, नावे जातील. पण जे व्हायचे होते ते कुणाच्या मनात आले नव्हते. साहेबांची अलीकडची वर्षे आधी पुसली गेली, मग त्यांच्या आधीची, आणि पुसत पुसत एक दिवस ते तिथे जाऊन पोहोचले जिथे त्यांनी दारू अजून सोडलेलीच नव्हती.

"माझा ग्लास कुठाय?" त्यांनी एका संध्याकाळी विचारले.

काकूंना वाटले, पाणी. त्यांनी पाणी दिले. साहेबांनी ते भिंतीवर फेकले. आवाज निराळा होता. तो आवाज काकूंनी ओळखला. मला सांगताना त्यांचे हात पदराशी चाळा करीत होते. "इतक्या वर्षांनी तो माणूस परत आलाय हो. तीच मान, तेच डोळे. मी म्हटलं, अहो, प्यायची नाही आता. तर अंगावर आले. म्हणाले, मला शिकवतेस? आणि मी उठून मागच्या दारी जाऊन बसले. तिथं गेल्यावर कळलं की मुलगी काही माझ्या कडेवर नाहीये."

रोज संध्याकाळी हेच. वाद घालू नका, लक्ष दुसरीकडे वळवा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. काकूंनी त्याच आकाराच्या ग्लासात लिंबाचे सरबत दिले, एक घोट घेऊन ते ओरडले, "मला फसवता?" रविवारची मंडळी पाळीपाळीने येऊन बसू लागली. आप्पा आता काठी घेऊन चालत, तरी येत आणि म्हणत, "चला सायेब, शेताकडं जाऊन येऊ." कधी साहेब उठत आणि त्यांचा हात धरून निघत. कधी म्हणत, "आपण कोण?"

विचित्र हे की सकाळची वंदना अजून चुकत नव्हती. हात जोडून ते पाचही शीले म्हणत, शब्दन् शब्द. आणि संध्याकाळी ग्लास मागत.

"बघ ना आई," मुलगा म्हणाला. "सकाळचं नुसतं पाठ आहे. त्यांना त्याचा अर्थ कळत नाही. मग आपण कोणासाठी हे सगळं धरून बसलोय? एक पेग दे. शांत झोपतील. बी प्रॅक्टिकल."

"गोळ्या चालू आहेत त्यांच्या."

"डॉक्टरांना विचारलं मी. गोळ्यांबरोबर नको म्हणाल्या, पडतील म्हणाल्या. पण बाकीचं घरच्यांनी ठरवा असंही म्हणाल्या. आई, किती दिवस राहिलेत त्यांचे? ते दिवस असे रडत घालवायचे?"

काकू म्हणाल्या, "एवढं एकच त्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं मिळवलं. घर मी नोकरी करायची तेव्हा माझ्या पगारात झालं, त्यांची नोकरी शिक्षणानं मिळाली. हे एकट्यानं. ते आता विसरले म्हणून मी फेकून देऊ?"

"पण ते त्यांना माहीतच नाही ना!"

"मला माहीत आहे."

मुलगा वाईट नव्हता. वडिलांचे जेवण, आंघोळ, रात्रीची जागरणे सारे तो करी. पण तो जन्मला तेव्हा साहेबांची सुटलेली होती. पिणारा बाप त्याने पाहिलाच नव्हता. आपले वडील काहीतरी साधी गोष्ट मागताहेत आणि आई हट्टाने नाकारते आहे, एवढेच त्याला दिसत होते. आप्पांना त्याने आपल्या बाजूने ओढून पाहिले. आप्पा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "सायबांनी मला न्हाय दिली. मी पाया पडत व्हतो, तरी न्हाय. मी त्यांना कुठल्या तोंडानं देऊ, बाबा?"

ती संध्याकाळ पावसाळ्यानंतरची होती, ढगांना तांबूस कड आलेली. आप्पा कुणाच्या लग्नाला गेले होते. मी वारज्याहून पोहोचले तेव्हा साहेबांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. ते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, कपाटे उघडत होते. काकू खाटेच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. फार दिवस ज्याने रडून घेतले आहे अशा माणसासारख्या त्या फक्त बसल्या होत्या.

मुलगा ऑफिसातून आला, दारातच उभा राहिला, वडिलांकडे पाहिले आणि आल्या पावली परत गेला. थोड्या वेळाने आला तेव्हा त्याच्या हातात कागदी पिशवी होती. त्याने काचेचा ग्लास काढला, दारू ओतली, पाणी घातले आणि तो टेबलावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते.

"काय करतोयस?" काकू म्हणाल्या.

"पुरे आता, आई. मला बघवत नाही."

काकू उठतील असे मला वाटले. त्या उठल्या नाहीत. त्यांनी ग्लासाकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला कळले की त्या थकल्या आहेत. आता कुणी हा ग्लास साहेबांच्या हाती दिला तर त्या अडवणार नाहीत.

साहेब खुर्चीवर बसले होते. ग्लास दिसताच त्यांची धडपड थांबली. त्यांनी तो उचलला, आणि ओठांकडे न नेता नाकाकडे नेला. डोळे मिटले. मान जराशी वर केली. त्यांनी एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडले, आणि त्यांत विलक्षण गोंधळ होता.

"हे काय आहे?"

"तुमचंच आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "घ्या."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे, आणि मग माझ्याकडे. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण कुठल्याशा जुन्या सवयीने त्यांनी मला बाई म्हटले.

"बाई, आपण सांगा. हा ग्लास माझा का?"

हो म्हटले असते तर त्या घरातला आक्रोश त्या संध्याकाळपुरता थांबला असता. मुलगा माझ्याकडे विनवणीने पाहत होता. मी साहेबांसमोर खाली बसले. "नाही, साहेब," मी म्हटले. "हा तुमचा नाही. दारू आहे ही. आणि दारू सोडलीय. खूप वर्षं झाली. ती सोडली म्हणून किती म्हाताऱ्या माणसांची सुटली. आप्पांची सुटली. मुख्याध्यापकांची सुटली."

मला वाटले, ते ग्लास भिंतीवर फेकतील. पण आजवर त्यांना जे सांगितले गेले ते मनाई म्हणून. बातमी म्हणून ते बहुधा प्रथमच ऐकत होते. त्यांनी ग्लास अलगद टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी मुलाकडे सरकवला. "मग ह्यांचा असेल," ते म्हणाले. "ह्यांना द्या. मघापासून उभे आहेत बिचारे."

मुलगा ग्लास घेऊन मोरीकडे गेला. त्याने नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो पुष्कळ वेळ येत राहिला.

त्यानंतर काकूंनी 'पिऊ नका' म्हणणे सोडून दिले. रोज दिवेलागणीला साहेबांनी ग्लास मागितला की त्या त्यांच्या शेजारी बसत आणि एखाद्याच्या घरचे शुभवर्तमान सांगावे तसे सांगत, "अहो, ऐकलंत का? तुमची सुटली." कधी त्यांना पटे, कधी नाही, कधी आरडाओरड होईच. मुलाने पुन्हा बाटली आणली नाही. पुढे पुढे ती बातमी तोच सांगू लागला. अशी दोनेक वर्षे गेली आणि एका सकाळी साहेब गेले. शेवटपर्यंत त्यांच्या ओठांना ती लागली नाही. आप्पा खांदा द्यायला आले होते. वयामुळे जमेना, तर तिरडीला नुसता हात लावून चालले.

पण साहेब म्हटले की माझ्यासमोर येतो तो ग्लास सरकवल्यानंतरचा क्षण. मोरीत पाणी वाहत होते. काकूंनी डोळे उघडले होते. साहेब माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारले, "कोणी सोडली म्हणालात?"

"तुम्ही, साहेब."

त्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी मान हलवली. साहेबांचा हात सावकाश वर आला आणि सदऱ्याच्या गुंड्यांवर, छातीशी टेकला. पहिल्या नंबराच्या यादीत अनपेक्षितपणे आपले नाव दिसलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्यांनी मला विचारले,

"मी?"